भाऊबीजेचं पोटॅश

लोकांचे भाऊ भाऊबीजेला साडी देतात, नाहीतर ताटात पाकीट तरी ठेवतात. माझा भाऊ गोरक्ष मला पोटॅशची गोणी द्यायचा. हसू नका. पन्नास किलोची, लाल दाण्याची, तोंड शिवलेली गोणी, टेम्पोतून उतरवून थेट आमच्या ओट्यावर. मी ओवाळायची, तो ताटात सुपारी टाकायचा आणि गोणीवर थाप मारून म्हणायचा, "आक्का, साडी काय, दोन धुण्यांत विटती. ह्याच्यानं तुझी कांद्याची चाळ भरंल." आमचे हे, म्हणजे मच्छिंद्र, एकदम खूश. कांदा लावणाऱ्या माणसाला साडीपेक्षा पोटॅशच गोड लागणार. मी तोंडदेखलं रागवायची, "मेल्या, बहिणीला खत देतोस?" आणि सुट्टी संपली की शाळेत जाऊन सगळ्यांना कौतुकाने सांगायची. आता त्या कौतुकाची आठवण आली तरी अंगाची लाही लाही होते.

मी चंद्रकला. भिंगारहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला जी गावं येतात, त्यातल्या एका गावच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. घर गावातच, शेतीही गावातच. गोरक्ष माझ्या पाठचा. दहावीला विज्ञानात आपटला तेव्हा मी त्याला माहेराहून उचलून आमच्या घरी आणला आणि स्वयंपाक करता करता त्याच्याकडून रसायनशास्त्र घोकून घेतलं. डाळीत मीठ टाकताना सांगायची, "हे बघ, हे सोडिअम क्लोराईड. यातलं सोडिअम उठवून त्याच्या जागी पोटॅशिअम बसव, झालं शेतातलं पोटॅश. दोघं एकाच घरातले. दिसायला सारखे, विरघळायला सारखे." तो मान डोलवायचा. पास झाला. पुढे भिंगारच्या बाजारात त्याने खताचं दुकान टाकलं, दुकानाला लेकीचं नाव दिलं, आणि पहिल्या दिवशी माझ्या पाया पडून म्हणाला, "आक्का, हे तुझ्यामुळं." तेव्हा मला रडू आलं होतं. मूर्ख बाई!

खताच्या धंद्यात फसवाफसवी फार. म्हणून पालकसभेला कोणी विचारलं, की मॅडम, खत कुठून घ्यावं, तर मी छाती फुगवून सांगायची, "गोरक्षकडून घ्या. डोळे झाकून घ्या. माझा भाऊ आहे तो." आणि लोक खरोखरच डोळे झाकून घ्यायचे. आमच्या गावात दुसऱ्या कुणाचं पोटॅश यायचंच बंद झालं.

बद्रुन्निसानेही माझ्याच शब्दावर घेतलं. तिचं रान आणि आमचं रान यांच्यात एक बांध आहे, तेवढाच काय तो आडपडदा. कांद्याची लागण आली की आमची सावड असते, म्हणजे आज आम्ही तिच्या रानात, उद्या ती आणि तिच्या सुना आमच्या रानात. मजुरी नाही, हिशोब नाही. ईदचा शीरखुर्मा आमच्याकडे येतो, आमच्या पुरणपोळ्या तिच्याकडे जातात. तिची नात आयेशा माझ्याच वर्गात, दहावीला.

आता कांद्याचं ऐका. पाणी तेच, बी तेच, माती तीच, मधे एक बांध फक्त. तरी गेल्या काही पावसाळ्यांत बद्रुन्निसाचा कांदा चाळीत टिकेना. वरून हात लावला तर कडक, दाबला तर बोट आत जायचं. माना जाड, वास सुटलेला. नुसत्या तिचाच नाही, अख्ख्या गावाचा. आमचा मात्र दसऱ्यापर्यंत ठणठणीत. मच्छिंद्र मिशीवरून हात फिरवत चावडीवर सांगायचे, कांदा कसा सुकवावा, पात कशी कापावी. लोक ऐकायचे. गोरक्ष तर दर उन्हाळ्यात नवी गिऱ्हाइकं घेऊन यायचा, आमच्या चाळीत उभी करायचा आणि म्हणायचा, "बघा माझ्या बहिणीचा कांदा. माझ्याच दुकानातलं पोटॅश हाय." आणि मी त्या सगळ्यांना चहा करून द्यायची.

त्या दिवशी दहावीला आयनिक बंध होता. हा धडा म्हणजे माझा जीव की प्राण. कोणालाही चोरून न्यावासा वाटेल असा मी तो शिकवते, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

"सोडिअमच्या शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन," मी म्हणाले. "त्याला तो नकोसा झालेला. क्लोरीनला नेमका एकच कमी, त्याला हाव सुटलेली. हा देतो, तो घेतो. देणाऱ्यावर धन प्रभार, घेणाऱ्यावर ऋण प्रभार. आणि मग दोघं एकमेकांना असे धरून बसतात की आठशे अंशांची आच लावल्याशिवाय वितळत नाहीत. लक्षात ठेवा पोरांनो, देणारा देऊन सुटत नाही. दिलं, की बांधला गेला."

"म्हंजी हुंडा का मॅडम?" मागच्या बाकावरून हर्षल. वर्ग खिदळला.

"हुंडा नाही रे गाढवा, इथं लग्नच नाही. जोडी नसतेच इथं. मिठाच्या खड्यात एका सोडिअमच्या भोवती सहा क्लोरीन, एका क्लोरीनच्या भोवती सहा सोडिअम. सगळ्यांनी सगळ्यांना धरलेलं. आपली सावड असते ना, तसं."

मग प्रयोग. मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की घरून चिमूटभर मीठ, चिमूटभर साखर आणि गोणीतलं पोटॅश पुडीत बांधून आणा. लागणीचे दिवस, घरोघर गोण्या फोडलेल्या. मीही माझ्या भाऊबीजेच्या गोणीतलं घेऊन गेले होते. बॅटरी, दोन पेन्सिलींची शिसं आणि एक बारका दिवा. साखरेच्या पाण्यात दिवा मेलेला. मिठाच्या पाण्यात लागला. "का लागला?" "मॅडम, आयन सुटे झाले!" शाब्बास. पोटॅशच्या पाण्यातही लागला, सगळ्यांच्या लागला. माझ्या पेल्यातलं पाणी जवळजवळ स्वच्छ होतं, वर थोडी विटकरी धूळ. पोरांच्या पेल्यांतलं मात्र सरबतासारखं लालभडक. ते माझ्या नजरेला पडलं, नाही असं नाही. असेल दुसऱ्या कंपनीचं, म्हणून मी पुढे गेले.

"आता सांगा, मीठ आणि पोटॅश दोन्ही क्लोराईड, दोन्ही खडे, दोन्हींनी दिवा लागतो. मग ओळखायचे कसे?" कोणाला येईना. हीच माझी आवडती जागा. मी स्पिरिटचा दिवा पेटवला, खिडक्या लावायला सांगितल्या आणि कपाटातून निळी काच काढली. तारेच्या टोकाला मिठाचा कण घेऊन ज्योतीत धरला, तर ज्योत पिवळीधमक. निळ्या काचेतून बघा म्हटलं, तर पिवळा रंग गायब, कारण ही काच पिवळा अडवते. मग तार धुऊन माझं पोटॅश धरलं. काचेतून बघितलं, तर जांभळट, गुलाबीकडे झुकणारी नाजूक ज्योत. पोरं "ओहोहो" करून ओरडली. मलाही दर वर्षी तेवढाच आनंद होतो.

"ये आयेशा, आता तुझं धर."

आयेशाने तिच्या पुडीतलं धरलं. पिवळी ज्योत. मी काचेतून बघितलं. काही नाही. तार पुन्हा धुतली, पुन्हा धरलं. काही नाही.

"मिठाची पुडी कुठली आणि पोटॅशची कुठली, एवढंही कळत नाही का तुला?" मी तिच्यावर डाफरले. "घरातल्या डब्यात हात घातलास ना? आळशी कुठली! एवढं सांगितलेलं, गोणीतून आण म्हणून."

तिचे डोळे भरले. "मॅडम, गोणीतूनच आणलंय. दादीने स्वतः काढून दिलं. गोरक्षमामाच्या दुकानातली गोणी आहे."

"माझंबी बघा," म्हणत हर्षल पुढे आला. त्याचंही काही नाही. मग तिसऱ्याचं, चौथीचं. सगळी पिवळी ज्योत, आणि काचेतून नुसता अंधार. मी माझं पुन्हा धरलं. जांभळी. काच नीट होती, तार नीट होती, मीही नीट होते.

तेवढ्यात हर्षलने पुडीतलं चिमूटभर पेल्यात धुतलं, लाल पाणी ओतून दिलं आणि खाली उरलेले पांढरे खडे जिभेला लावले. प्रयोगशाळेत काहीही चाखायचं नाही, हे मी घसा सुकेस्तोवर सांगितलेलं! पण ओरडायला तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मॅडम, मीठ हाय हे. आईच्यान, नुसतं जेवणातलं मीठ हाय."

 आणि मग एकेक पोर माझ्याकडे बघायला लागलं. माझ्या पुडीकडे आणि माझ्याकडे. पोरं लबाड नसतात, पण आंधळीही नसतात. मी घंटेची वाटसुद्धा पाहिली नाही, वर्ग सोडला. आयेशा सगळ्यांत शेवटी गेली. तिला "चुकलं गं माझं" म्हणायचं होतं, पण मी नुसती तार पुसत राहिले.

शाळा सुटल्यावर स्कूटी काढली ती सरळ भिंगारला. वाटेत मनाशी सगळं जुळवत होते. कोणीतरी माझ्या भोळ्या भावाला गंडवलंय. वरून माल येतो, हा बिचारा तसाच विकतो. त्याला काय निळी काच ठाऊक! आता त्याला सांगायचं, तक्रार करायला लावायचं, गावाला भरपाई मिळवून द्यायची. माझ्या डोक्यात तो अजून गरीब गायच होता.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. गोरक्षने मला बघून खुर्ची पुसली, उसाचा रस सांगितला.

"रस राहू दे. गोऱ्या, तुझी फसवणूक झालीय. तुला कोणीतरी लाल रंग दिलेलं मीठ पाठवतंय पोटॅश म्हणून. आज वर्गात पोरांनी आपापल्या घरून आणलं होतं, मी ज्योतीत धरलं. सगळं मीठ!"

त्याने पोत्यावरची धूळ झटकली. मग म्हणाला, "असंल काय तरी. तू नको डोकं लावू त्याच्यात. तुझी गोणी चांगली हाय आक्का, तू बिनघोर टाक रानात."

मी माझ्या गोणीचं नावही काढलं नव्हतं.

मला ते कळायला एक क्षण लागला. मग कानशिलं तापली. "तुला कसं माहीत माझी चांगली आहे ते?"

तो खाली बघायला लागला. लहानपणी दूध सांडलं की बघायचा तस्सा.

"गोरक्ष, माझ्याकडे बघ. तुला कसं माहीत?"

"आता तुला खोटं दीन व्हय मी?" तो एकदम दुखावल्यासारखा बोलला. "रक्ताची भैन तू माझी. भाऊबीजेची ववाळणी हाय ती. तुझी गोणी मी दर साली येगळी मागिवतो, सोता बघून. दुसऱ्याला हात लावू देत न्हाई."

आणि काय सांगू तुम्हाला, हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता! मी शाबासकी देईन असं वाटत होतं मेल्याला.

"आणि बद्रुन्निसाला?"

"ती काय माझी भैन हाय?"

मी खुर्चीचा हात घट्ट धरला, नाहीतर हात उठला असता. "अरे, तिने माझ्या शब्दावर तुझ्याकडून घेतलं! अख्ख्या गावाने माझ्या शब्दावर घेतलं!"

"मिठानं कुणी मरत न्हाई आक्का. आन् तूच शिकिवलं ना, मीठ काय, पोटॅश काय, दिसायला सारखं, इरघळायला सारखं. डाळीत मीठ टाकताना सांगायचीस. माझ्या ध्यानात ऱ्हायलं."

"आणि त्याच्यापुढचं? कांद्याला पोटॅशिअम लागतं, सोडिअम नाही, सोडिअमनं माती चिकट होते, पाणी जिरत नाही, हे नाही राहिलं ध्यानात?"

"ते परीक्षेला न्हवतं," तो म्हणाला.

खाल्ल्या मिठाला तरी जागायचं होतंस म्हणावं, तर याने मीठच गोण्यांत भरून विकलं! मला हसू आलं की रडू, माझं मलाच कळलं नाही. डोळ्यांसमोर आमची चाळ आली. तिथे उभी केलेली ती गिऱ्हाइकं, आत हात घालून कांदा दाबून बघणारी, मान हलवणारी. तो आमचा टिकलेला कांदा, ती त्याची जाहिरात होती. म्हणून मला खरं. बहिणीवरच्या मायेने नाही, गावाला दाखवायला एक चाळ लागते म्हणून. आणि चहा मी केला. साखर जास्त घालून केला!

"मी सांगणार आहे सगळ्यांना," मी उठले. "उद्याच."

"सांग की." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. एकदम मऊ आवाजात, मला समजावल्यासारखा म्हणाला, "पन इचार करून सांग. गावाचा कांदा सडला, तुझा टिकला. गावाला खोटं ग्येलं, तुला खरं आलं. वर तू रसायनाची बाई. तुला ठाव न्हवतं, हे कोन मानंल? मी तुझ्या भल्याचं बोलतोय."

ज्याला मी बोट धरून अणू-रेणू शिकवले तो मला असं सांगत होता. रस तसाच टाकून मी निघाले. रस्त्यात दोनदा स्कूटी बाजूला घेऊन रडले. लोक बघत होते, बघू देत.

घरी मच्छिंद्रना सांगितलं. ते ओट्यावर टेकले. मग म्हणाले, "म्हणजे आपला कांदा टिकला तो माझ्या हातानं नव्हे?" पुरुषांचं काय एकेक असतं! मी म्हटलं, "अहो, गाव बुडालं आणि तुम्ही हाताचं काय घेऊन बसलाय?" तर ते हळूच म्हणाले, "कला, शाळेत पोटॅशिअमची बाटली असते ना? तिच्याशी ताडून दाखव की लोकांना. आपली गोणी मधे कशाला आणतेस? आपण थोडंच कुणाला फसवलंय." खोटं कशाला सांगू, तोच विचार माझ्या मनात वाटेतच येऊन गेला होता. खऱ्याची ज्योत दाखवायला बाटली पुरते. माझी गोणी कोपऱ्यात गुपचूप पडून राहिली असती, आणि मी गोरक्षला उघडा पाडणारी खमकी बाई ठरले असते. पण पोरांनी माझी जांभळी ज्योत पाहिली होती. आणि मीही पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पालकांना प्रयोगशाळेत बोलावलं. आयेशा आणि हर्षलने घरी सांगितलेलंच होतं, त्यामुळे पुन्हा निरोप धाडावा लागला नाही. लोक दाराबाहेरपर्यंत उभे. बद्रुन्निसा पुढच्याच बाकावर बसली होती, मांडीवर पुडी, शेजारी आयेशा. एरवी मला बघितलं की "कला, इकडं ये गं" म्हणून हात धरते. आज नुसती बसून होती.

मी सगळं सांगितलं. आयनिक बंध वगैरे नाही, सरळ सांगितलं, की हे मीठ आहे, रंगवलेलं, आणि माझ्या भावाने ते जाणूनबुजून विकलंय. मग दिवा पेटवला. तिच्या पुडीतलं धरलं, काच तिच्या हातात दिली. "काय दिसतंय?"

"काई न्हाई."

"आता खरं कसं दिसतं ते बघ," म्हणून मी कपाटाकडे वळले. माझा हात बाटलीवर गेला. गेला, हे खरं आहे.

"बाटलीतलं नगं," बद्रुन्निसा म्हणाली. "तुझ्या घरचं धर. आयेशा म्हनली, तुझ्या घरच्याची ज्योत येगळी हाय."

मी पिशवीतून माझी पुडी काढली. मी ती आणली होती, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवा. तार धुतली, कण उचलला, ज्योतीत धरला. बद्रुन्निसाने काच डोळ्याला लावली आणि ती बघत राहिली. कण जळून संपला तरी काच खाली करेना.

मागून हर्षलचा बाप म्हणाला, "मॅडम, अख्ख्या गावात तुमचीच तेवढी खरी कशी हो?"

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले. आणि ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडताच मला कळलं, की मीही ते ऐकलं असतं तर मानलं नसतं. गोरक्षने सांगितलेला शब्दन् शब्द समोर उभा होता. माणसं एकमेकांकडे बघत होती. कोणी शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

बद्रुन्निसा म्हणाली, "माझा भरोसा हाय कला. पन ह्यांचं समाधान व्हायला पायजे. त्याला फोन लाव. त्याच्या तोंडून ऐकू दे समद्यांना. कसा झाला तरी भाऊ हाय, तुझ्यावर खोटा आळ घ्यायचा न्हाई."

मलाही तसंच वाटलं. खरंच वाटलं. चोर असेल, लबाड असेल, पण माझी गोणी वेगळी मागवणारा माणूस आहे, एवढं एक वाक्य तर बोलेल. मी फोन लावला, स्पीकरवर टाकला, टेबलावर ठेवला.

"गोरक्ष, मी शाळेतून बोलतेय. सगळा गाव इथं आहे, फोन सगळ्यांना ऐकू येतोय. तू जे केलंस ते मी सांगितलंय. मला एवढंच विचारायचंय. माझी गोणी खरी होती आणि बाकीच्यांची खोटी, हे मला माहीत होतं का? काल तू मला सांगेपर्यंत मला माहीत होतं का?"

पलीकडे बाजाराचा आवाज येत होता. कुणीतरी रिक्षाचा हॉर्न वाजवत होतं. मग त्याचा आवाज आला, मऊ, जरासा रडवेला, अगदी भाऊबीजेला निरोप घेताना असतो तसा.

"आक्का, आसं काय करतीस? आपलं ठरलं हुतं ना, कायबी झालं तरी एकमेकाचं नाव घ्यायचं न्हाई? आता अंगावर आलं तर एकट्याला मला फुडं करतीस व्हय?"

 मच्छिंद्र दारातून ओरडले, "खोटं बोलतोय तो हरामखोर!" पण नवऱ्याचं कोण मनावर घेतं? मी बद्रुन्निसाकडे बघितलं. ती काच हातात फिरवत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. माझं सगळं आयुष्य या गावात गेलं, हीच पोरं, ह्यांच्या आया, ह्यांचे बाप मी शिकवले, आणि एका फोनवर ते सगळं पाण्यात गेलं, हे मला तिच्या मानेवरून कळलं.

मी फोनजवळ वाकले. 

"गोरक्ष, ऐक. तू मलाही मीठच द्यायला पाहिजे होतंस रे. माझाही कांदा सडवायला पाहिजे होतास. मग आज मी या लोकांच्यात उभी असते."

 फोन कट झाल्याचा आवाज आला.

बद्रुन्निसा उठली. काच टेबलावर ठेवली, आयेशाच्या खांद्यावर हात ठेवला. दारापर्यंत जाऊन ती थांबली. मला वाटलं, आता वळेल, "कला" म्हणेल.

"मॅडम," ती म्हणाली, "परवा लागणीला आमी येत न्हाई. तुमी तुमची मानसं बघा."